आधी बसावं, मग दिसावं : प्रस्तावना

नाचाच्या कार्यक्रमात सगळ्यांत आधी काय पडत असेल, तर तो मुकुट. गणपतीतला मंडळाचा कार्यक्रम असो की शाळेचं स्नेहसंमेलन, कृष्ण विंगेतून बाहेर येतो तोच मुळी एक हात डोक्याला लावून. राधा पहिली गिरकी घेते आणि कपाळावरची बिंदी कानामागे जाऊन बसते. समोर बसलेल्या आया हसतात, नाच बसवणाऱ्या बाई कपाळावर हात मारतात आणि पोर उरलेला नाच एका हाताने उरकून टाकतं. यात पोराची काही चूक नसते. भाड्याने आणलेला तो मुकुट दिसायला झकास असतो. डोक्यावर बसेल असा मात्र तो कुणी केलेलाच नसतो.

नाचासाठी हाताने करायच्या साध्या शिरोभूषणांची ही पुस्तिका या एकाच तक्रारीतून निघाली आहे. ती रायपूरमध्ये तयार झाली, याचं मला विशेष वाटतं. इथल्या मराठी घरांतल्या, वर्षानुवर्षं मुलामुलींचे नाच बसवत आलेल्या काही जणींनी ती लिहिली आहे. नावं छापायला त्यांनी नकार दिला, म्हणून मीही ती घेत नाही. प्रस्तावना लिहा म्हणून हस्तलिखित हातात दिलं, तेव्हा त्याबरोबर एक पिशवीही दिली. पिशवीत पुठ्ठ्याचा एक मुकुट, तारेचा तुरा, कागदी फुलांची माळ आणि जुन्या सुती साडीची वळलेली चुंबळ. पुस्तिकेचं सगळं सार त्या चुंबळीत आहे. ते कसं, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

रायपूरला अशा पुस्तिकेसाठी दुसरीकडे कुठे जायची गरज नव्हती. डोक्यावर काही घालून नाचणं ही छत्तीसगडची जुनी सवय आहे, आणि तीही एका प्रकारची नाही. देवउठनी एकादशी झाली की राऊत नाचाच्या टोळ्या निघतात. यादव मंडळी पागोट्यावर कागदी फुलांचा गजरा गुंडाळतात, वर मोरपिसांची कलगी खोवतात, अंगावर कवड्यांचं काम मिरवतात आणि एका हातात लाठी घेऊन दोहे म्हणत उड्या मारतात. उड्या म्हणजे नुसतं पाय उचलणं नव्हे. गंडवा बाजाच्या ठेक्यावर अख्खं अंग वर फेकलं जातं, आणि कलगी जागची हलत नाही. कारण सरळ आहे. कलगी पागोट्यावर चिकटवलेली नसते, पागोट्याच्या पिळात रुतवलेली असते. पागोटं डोक्याला धरतं आणि पीळ कलगीला. हीच रीत आपल्या फेट्याच्या तुऱ्याला आहे, पण फेटा तयार शिवून विकायला लागल्यापासून आपण ती विसरलो. शिवलेल्या फेट्यात पीळच नसतो, मग तुरा धरायचा कशाने? मग येते पिन. आणि पिन आली की ती टोचते.

गुराखी राऊतांचीच आणखी एक वस्तू म्हणजे खुमरी. बांबूच्या कामट्यांची विणलेली रुंद टोपी, मधे पानांचा थर. पावसापाण्यात गुरांमागे हिंडताना घालायची. आपल्याकडचं इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं, खुमरी मात्र डोक्यापुरतीच असते. अलीकडे गुराख्यांपेक्षा ती मंचावर आणि पुढाऱ्यांच्या सत्कारात जास्त दिसते, ही गोष्ट वेगळी. पण नाच बसवणाऱ्याने एक खुमरी विकत घेऊन उलटी करून बघावी. आतल्या बाजूला डोकं जिथे टेकतं तिथली विण बाकीच्या विणीपेक्षा निराळी, जास्त दाट असते. करणाऱ्याने आधी डोक्याचा विचार केला आणि मग पावसाचा.

लग्नात नवरानवरीच्या डोक्याला बांधायचा मौर घ्या. गावाकडे तो छिंदाच्या, म्हणजे आपल्या शिंदीच्या, कोवळ्या पानांचा विणतात. हिरवी-पिवळी पानं चिरायची, दुमडायची, एकमेकांत अडकवायची. गोंद नाही, तार नाही, शिलाई नाही. पान ताजं असताना लवतं आणि वाळलं की त्याच घडीत कडक होतं. या पुस्तिकेत मौराची कृती चित्रांसह दिली आहे, आणि नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. हात बिघडला तरी खर्च शून्य. शिवाय दोन-चार पानं वाया गेली की बोटांना आपोआप कळतं की वस्तू ताठ उभी राहते ती घडीमुळे, जाडीमुळे नाही. ही एक गोष्ट कळली की पुठ्ठ्याचे जाड जाड थर चिकटवायची खोड सुटते.

आता बस्तरकडे वळतो. डोक्यावरच्या साजाचा विषय निघाला की गौर नाचाशिवाय पुढे जाता येत नाही. दंडामी माडिया पुरुष या नाचात रानगव्याची, म्हणजे गौराची, शिंगं डोक्याला बांधतात. इंग्रज अधिकारी ग्रिग्सन याने १९३८ साली ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ हे पुस्तक लिहिलं. या शिंगांवरूनच या लोकांना इंग्रजीत ‘बायसन-हॉर्न मारिया’ हे नाव पडलं. ते त्यांनी स्वतः घेतलेलं नाव नव्हे. त्या शिरोभूषणाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. खाली डोक्यावर घट्ट बसणारी बैठक. तिच्या दोन्ही अंगांनी वर गेलेली शिंगं. मधे पिसांचा झुबका. पुढे कवड्यांच्या लड्या, इतक्या दाट की नाचणाऱ्याचं तोंड अर्धंअधिक झाकलं जावं. गळ्यात लांबलचक ढोल. पुरुष ढोल वाजवत, मान हलवत, एकमेकांवर चालून जातात, झुंजणाऱ्या गव्यांसारखे. बायका हातात लोखंडी घुंगुरकाठी, तिरडुड्डी, आपटत दुसऱ्या ओळीत.

आता विचार करा. एवढं वजन डोक्यावर, गळ्यात ढोल, आणि नाच मानेचाच. तरीही ते पडत नाही, कारण वजन दोन्ही कानांवर सारखं वाटलेलं आहे आणि बैठक कपाळावर बरीच खाली, जवळजवळ भुवयांपर्यंत उतरलेली आहे. बाजारू मुकुट डोक्याच्या टाळूवर ठेवलेला असतो, म्हणून तो पहिल्या झटक्यात निघतो. माडिया कारागिराने कुठल्या पुस्तकात वाचून हे केलेलं नाही. मान मोडू नये म्हणून पिढ्यांनी केलेली ती दुरुस्ती आहे. रायपूरकरांना हा नाच पाहायला आता बस्तरला जावंच लागतं असं नाही. सायन्स कॉलेजच्या मैदानावर २०१९, २०२१ आणि २०२२ साली राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरला, तेव्हा देशभरातून आलेल्या पथकांचे शिरोसाज एकाच मैदानावर बघायला मिळाले. नवा रायपूरच्या पुरखौती मुक्तांगणात नाचणाऱ्यांचे पुतळे उभे आहेत, तिथेही आकार आणि प्रमाणं निवांत टिपून घेता येतात. पुतळा हलत नाही, हा त्याचा एक मोठा फायदा.

याच्या उलट टोकाला पंथी. सतनामी समाजाचा हा नाच गुरू घासीदास जयंतीला, १८ डिसेंबरला, गावोगाव होतो. पांढरं धोतर, गळ्यात माळ, पायात घुंगरू, मांदराचा ठेका चढत जातो आणि नाचणारे एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात. देवदास बंजारे यांनी हा नाच देशाबाहेर नेला. रायपूरलाच जन्मलेल्या हबीब तनवीरांनी तो आपल्या ‘चरणदास चोर’ नाटकात आणला. दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहायचं असेल तर डोक्यावर झिरमिळ्या कशाला? पुस्तिकेत पंथीचं प्रकरण नाही, आणि ते नसावं हेच बरोबर आहे. काही उत्साही मंडळी पंथीलाही चमकीच्या पट्ट्या बांधतात. त्यांना हात जोडून सांगणं आहे की बांधू नका.

मराठी वाचक म्हणेल, हे सगळं छत्तीसगडचं झालं, आपलं काय? आपलं भरपूर आहे. पहाटे दारात येणारा वासुदेव आठवा. मोरपिसांची ती उंच निमुळती टोपी, हातात टाळ आणि चिपळ्या, आणि स्वतःभोवती फिरत म्हटलेलं गाणं. दारोदार, गल्लोगल्ली, रोज. फिरत्या माणसाच्या डोक्यावर उंच वस्तू टिकवायची कशी, याचं उत्तर त्या टोपीत आहे. खाली रुंद, वर निमुळती, आणि पिसं बाहेर पसरू न देता एकाशी एक आवळून बांधलेली. गिरकीत जे बाहेर पसरतं ते आधी उडतं. कथक करणाऱ्या मुलींना हे सांगावं लागत नाही. छत्तीसगडला तर रायगड घराण्याचा वारसा आहे, राजा चक्रधरसिंहांच्या दरबारात वाढलेला. चक्करांची ओळ घेताना कानाशी लोंबणारा एखादा जड झुमकाही गालावर कसा बसतो, हे त्या मुलींना विचारा.

सातपुड्यातली काठी संस्थानची होळी हे दुसरं मोठं उदाहरण. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, रात्रभर नाचणाऱ्या बावांच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे उंच टोप असतात, रंगीत कागदांनी आणि मोरपिसांनी सजवलेले. कंबरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. रात्रभर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या मंडळातला नाच चार मिनिटांचा, आणि चार मिनिटांतच आपल्या कृष्णाची मान अवघडते. बांबू, कागद आणि पीस या तीन गोष्टींना वजनच नाही, एवढंच यामागचं रहस्य. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटेही मोठाले असतात आणि तेही कागदाच्या लगद्याचे होतात. पण मुखवट्यांचा विषय श्वासाशी आणि नजरेशी जोडलेला आहे. तो या पुस्तिकेत घेतलेला नाही आणि मीही इथे सोडतो.

मग बाशिंग. आपल्याकडे बाशिंग भेंडाचं करत. पाणथळ जागी उगवणाऱ्या झुडपाचा तो पांढरा गाभा. हातात घेतला तर काही घेतल्यासारखं वाटत नाही. धारदार सुरीने सोलला की कागदासारखे पापुद्रे निघतात, त्यांची फुलं होतात, वर बेगड आणि चमकी. याच गाभ्याची ओडिशी नर्तकीच्या अंबाड्यावरची ताहिया पुरीचे कारागीर करतात, आणि याचाच बंगाली नवरदेवाचा टोपोर होतो. रायपूरची गंमत अशी की हे तिन्ही प्रकार या एका शहरात नांदतात. ओडिशाची सीमा जवळ, तिकडची माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं इथल्या माना कॅम्पमधून पुढे गेली आणि काही इथेच राहिली. आणि मराठी तर भोसल्यांच्या अमलापासून आहेत. नागपूरकर बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला येऊन राहिले, तेव्हापासूनचा हा धागा. तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत राहणाऱ्या मराठी बाईला बाशिंग, टोपोर आणि ताहिया या तिन्ही वस्तू शेजारच्या लग्नांत आणि शेजारणीच्या मुलीच्या नाचात बघायला मिळतात. असा योग पुण्यात बसून यायचा नाही. पुस्तिकेतलं भेंडाचं प्रकरण म्हणूनच मला सगळ्यांत सरस वाटलं.

दुःख एवढंच की भेंडाची जागा थर्माकोलने घेतली आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. थर्माकोल हलका आहे, मान्य. पण तो लवत नाही, मोडतो. त्याच्यावर डब्यातला स्प्रे पेंट मारला की तो रंगाखालीच विरघळत जातो, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मुकुटाला भोकं पडलेली बघून घराघरांत रडारड होते. भेंड मिळत नसेल तर साधा कागद घ्या. चार पदरी दुमडलेला कागद थर्माकोलपेक्षा कितीतरी चिवट असतो. ए-फोर आकाराचा नेहमीचा छपाईचा कागद जेमतेम ५ ग्रॅमचा. दहा कागदांचा मुकुट केला तरी ५० ग्रॅम. भाड्याच्या दुकानातला खडे जडवलेला मुकुट एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, म्हणजे फरक कळेल.

आता त्या चुंबळीकडे येतो. डोक्यावर घागर किंवा भारा घेताना बायका कापडाची चुंबळ ठेवतात, विदर्भातही आणि छत्तीसगडातही. सुवा नाचात मातीचे पोपट ठेवलेली टोपली डोक्यावर घेऊन बायका अंगणात येतात तेव्हाही खाली तीच असते. चुंबळ दोन कामं करते. गोल डोकं आणि सपाट बूड यांच्यातली फट भरते, आणि भार एका टोकावर न पडता कड्याभर पसरतो. पुस्तिकेच्या लेखिकांनी हीच चुंबळ मुकुटाच्या पोटात शिवली आहे. कृती इतकी साधी आहे की आजवर कुणी लिहून कशी ठेवली नाही, असं वाटावं. जुन्या सुती साडीची साधारण चार बोटं रुंद पट्टी सैल पिळायची, डोक्याच्या मापाचं कडं करायचं, मुकुटाच्या आतल्या कडेला मोठ्या टाक्यांनी टाचायचं. सुतीच घ्यायची, नायलॉनची नको. सुती कापड घाम पितं आणि केसांना पकड देतं. नायलॉन घाम पीत नाही आणि घसरतं. कार्यक्रम झाला की टाके उसवून चुंबळ धुवायला टाकायची. एकच मुकुट पाच मुलींच्या डोक्यावर फिरतो तेव्हा ही उसवायची सोय किती मोलाची आहे, हे ज्यांच्या घरात उवांनी मुक्काम केला आहे त्यांना सांगायला नको.

चुंबळीनंतर नाडी. मुकुटाला दोन्ही कानांमागे एकेक फासा ठेवायचा, त्यातून नाडी ओवायची आणि ती डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली, अंबाड्याच्या बुडाशी बांधायची. कवटी तिथे आत वळते, म्हणून नाडी वर सरकत नाही. भरतनाट्यमच्या मुली कपाळपट्टी अशीच दोऱ्याने मागे आवळतात, सूर्य आणि चंद्रही केसांत बांधून बसवतात, नुसते चिकटवत नाहीत. केस आखूड असलेल्या मुलग्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना हनुवटीखालून इलॅस्टिक लावायची वाईट पद्धत पडली आहे. ते दिसतं, काचतं आणि गाताना तोंड उघडलं की मुकुट खाली ओढला जातो. त्यापेक्षा केसांच्या रंगाची घट्ट सुती टोपी आधी घालावी आणि मुकुट त्या टोपीलाच शिवून टाकावा, असा उपाय इथे सुचवला आहे. मी तो एका सहा वर्षांच्या नातवावर करून पाहिला. नाच संपल्यावर तो मुकुट काढायलाच तयार होईना.

पुस्तिकेतला एक नियम मला फार आवडला. जिथे ओढ बसते तिथे दोरा, जिथे नुसती शोभा आहे तिथे गोंद. ग्लू गन हाताशी आल्यापासून आपण सगळंच चिकटवायला लागलो. त्या कांडीचा गोंद गरम केल्यावर वितळतो, म्हणजे पुन्हा गरम झाला की पुन्हा मऊ होणारच. रायपूरचा मे महिना ४४ अंशांच्या वर जातो. बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत दुपारभर ठेवलेल्या मुकुटाचं काय होतं, याचा अनुभव इथे प्रत्येक नाचाच्या क्लासला आहे. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. क्रेप कागदाचा लाल रंग घामाने सुटतो आणि कपाळावर ओघळतो, तेव्हा प्रेक्षकांना वाटतं पोराला लागलं. क्रेप कागद कपाळापासून दोन बोटं वरच ठेवावा, खाली कापडच असावं, हे त्यावरचं उत्तर.

मापांबद्दल दोन शब्द. बाजारात ‘फ्री साइज’ म्हणून जे मिळतं ते मोठ्या माणसाच्या मापाचं असतं. मोठ्यांच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५८ सेंटिमीटर भरतो, सहा-सात वर्षांच्या मुलांचा ५० ते ५२. चार-पाच सेंटिमीटरांचा हा फरक कापूस कोंबून भरून काढायचा आपला रिवाज आहे. उंचीचं सोपं माप म्हणजे नाचणाऱ्याचा स्वतःचा चेहरा. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत जेवढं अंतर, त्याहून मुकुट उंच नको. लेखिकांनी वजनाची मर्यादाही घालून दिली आहे, लहानांसाठी १०० ग्रॅम. मला ती थोडी कडक वाटली होती, पण त्यांनी दिलेला मुकुट काट्यावर ठेवला तर ९० भरला, आणि तो कुठूनही गरीब दिसत नव्हता. पत्रिकांच्या पुठ्ठ्याचा होता. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा हे आपल्या घरातलं दुर्लक्षित धन आहे. ताठ, गुळगुळीत, आणि बऱ्याचदा आधीच सोनेरी. किंचित ओलसर करून डब्याला गुंडाळून रात्रभर बांधून ठेवला की सकाळी हवी तशी गोलाई घेऊन निघतो. खोक्याचा नळीदार पुठ्ठा वापरायचा तर त्याच्या नळ्या उभ्या राहतील असा कापावा. आडव्या ठेवल्या तर तो वळताना जागोजाग मोडतो आणि त्या मोडी रंगाखालूनही दिसतात.

लांबून काय दिसतं, याचाही विचार इथे केला आहे. रंगमंदिरात दहाव्या ओळीपासून पुढे खडे, मणी, बारीक टिकल्या यांतलं काही दिसत नाही, नुसती चकाकी दिसते. दिसतो तो बाहेरचा आकार. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातल्या उघड्या मंचावर तर वाराही असतो, तिथे पातळ बेगड फडफडते आणि माईकमध्ये तिचा आवाज येतो. म्हणून आकारावर मेहनत घ्या आणि जडावाचा मोह आवरा, असा या पुस्तिकेचा एकूण सूर आहे. आमच्या भगिनींना हा सूर पचायला जरा जड जाईल, हे मला माहीत आहे. टिकली लावायला मिळणार नसेल तर हस्तकला ती कसली, असं म्हणणाऱ्या माझ्या घरातच दोघी आहेत.

आणखी एका गोष्टीची गाठ इथेच बांधून घ्यावी. गौर हा प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. खरी शिंगं विकत घेणं-विकणं गुन्हा आहे. बस्तरमध्ये जी आहेत ती घराघरांत पिढ्यांपासून जपलेली. पुस्तिकेत शिंगांची जी कृती आहे ती वर्तमानपत्राच्या पिळाची आहे, आत तार, वर खळीने चिकटवलेला खाकी कागद, बुडाशी जाड आणि टोकाशी अगदी पोकळ, म्हणजे वजन खाली राहतं. मोराची आपोआप गळलेली पिसं देशात वापरायला हरकत नाही. नीलकंठ, भृंगराज अशा रानपाखरांची पिसं मात्र कुणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नयेत. कोंबड्याची रंगवलेली पिसं बाजारात मिळतात, ती लांबून तशीच दिसतात.

आणि कायद्याच्या पलीकडचंही थोडं. स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ या नावाखाली जे चालतं त्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, डोक्यावर राऊतांची कलगी, कपाळावर माडियांच्या कवड्या आणि तोंडाने हुर्रहुर्र. ज्या शहराच्या मैदानावर खरी पथकं येऊन नाचून गेली, त्या शहरात तरी हे शोभत नाही. पुस्तिकेत प्रत्येक शिरोभूषणाच्या वर ते कुणाचं आणि कोणत्या प्रसंगाचं, हे लिहिलेलं आहे. ते वाचून कार्यक्रमाच्या निवेदनातही सांगावं. माडियांचा साज करायचा तर पूर्ण माडियांचा करावा, राऊतांचा करायचा तर राऊतांचा. मिसळ खायला चांगली.

उणिवा आहेतच. फेटा बांधण्याचं प्रकरण फार आटोपतं घेतलं आहे. वास्तविक फेटा हे सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत घट्ट आणि प्रत्येक डोक्याला आपोआप बसणारं शिरोभूषण, त्याला अजून चार पानं मिळायला हवी होती. कोळी नाचाच्या टोपीचा नमुना आहे, पण लावणीच्या अंबाड्यावरच्या फुलांचा नाही. छत्तीसगडी बायका वेणीत गुंफतात त्या लोकरी गोंड्यांचा, फुंदऱ्याचा, ओझरता उल्लेख तेवढा येतो. तो करायला सोपा आणि नाचताना फार देखणा, तेव्हा पुढच्या आवृत्तीत तो सविस्तर यावा. चित्रं मात्र उत्तम आहेत. कुठे कापायचं ती रेघ अखंड आणि कुठे दुमडायचं ती तुटक, हा नेम शेवटपर्यंत पाळला आहे.

वाचकांना एवढंच सांगायचं की कात्री हातात घेण्याआधी पहिल्या प्रकरणातला मापांचा तक्ता भरा, आणि तो भरताना नाचणाऱ्याला समोर बसवून त्याचे केस कार्यक्रमाच्या दिवशी बांधायचे तसेच बांधा. मोकळ्या केसांवर घेतलेलं माप अंबाडा घातल्यावर उपयोगाचं राहत नाही.